महानंदाच्या चार चालू कादंबऱ्या

सिस्टरनं माझ्या हातात पिशवी दिली. चष्मा, फणी, कुंकवाची डबी आणि तीन कादंबऱ्या. तिन्हींत खुणेला दोऱ्याचे तुकडे. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, "कावीळ फार वाढली होती... आम्हाला काही करता आलं नाही." एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल, भाद्रपदातला मंगळवार.

सिस्टर हळूच म्हणाली, "यातली कोणती वाचत होत्या बाई?"

"तिन्ही," मी म्हणालो. "चौथी घरी आहे."

त्या दिवशीसुद्धा हे सांगताना माझी मान ताठ होती. चारही पुस्तकं मी त्याच आठवड्यात लायब्ररीत परत केली. दुसरे वाचक थांबले होते आणि कुणाला ताटकळत ठेवलेलं महानंदाला आवडलं नसतं.

मी भीमाशंकर. सातवी पास. सत्तर साली मी एका लायब्ररीची पुस्तकं सायकलवरून घरोघरी पोचवायचो. बुधवारी आणि शनिवारी भवानी पेठ. एका कार्डावर एकच पुस्तक, असा नियम.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी पेठेतल्या गोजाबाईंनी मला त्यांच्या दारातच अडवलं. "ओ लायब्ररी, ती पोस्टमास्तराची पोरगी दरोडेखोराच्या घोड्यावर बसून गेली न्हाय का, तिचं म्होरलं बुक आना की."

मी तीन आठवडे ते पुस्तक शोधलं. कपाटं पालथी घातली. आमचे ग्रंथपाल म्हणाले, अशी कादंबरीच नाही. मी गोजाबाईंना तसं सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या.

"मला वाचाया कुटं येतंय? आमची चार कार्डं हायत, बुकं सगळी तिप्पण्णाची लेक वाचती. आमी ऐकतो."

शेजारच्या ओट्यावर पाच-सहा बायका चादरींच्या काठाच्या दशांना गाठी मारत बसल्या होत्या. मधे ती होती, महानंदा. हिरवं लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा. बोटं गाठी मारत होती, तोंडानं गोष्ट चालली होती. मला बघून ती थांबली.

"चार कार्डांवर एकटीनं वाचायचं... हे नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"मग नियमाला म्हणावं, ओट्यावर येऊन बस. तोही ऐकेल."

बायका खिदळल्या. मी घाम पुसला.

"पण पोस्टमास्तर आणि दरोडेखोर एका पुस्तकात नाहीत," मी म्हणालो.

"नाहीतच. पोस्टमास्तर बंगाली, दरोडेखोर ऐतिहासिक. मी त्यांची गाठ घालून दिली." तिनं चष्मा वर सरकवला. "सकाळी ऐतिहासिक वाचते, तेव्हा डोकं ताजं असतं. भाकरी थापताना रहस्यकथा. एखादी जळते, पण खुनी कळतो. दुपारी सामाजिक. आणि बंगाली संध्याकाळी... थोडं रडले तरी अंधारात दिसत नाही. तुमचं काय चालू आहे?"

"मी फक्त वाहतो."

"म्हणजे तुम्हाला पुस्तकांचं वजन तेवढं ठाऊक."

ते मला लागलं. त्याच दिवशी मी एक कादंबरी घरी नेली. संपायला दोन महिने लागले. दुसरी महिन्यात झाली. मग मीही तीन एकदम सुरू केल्या आणि कोण कुणाची बायको, याचा घोळ करून ठेवला. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "तुमच्या घोळातली जोडी चांगली आहे. उद्या वापरते."

आता मी बुधवारची वाट बघायला लागलो. तिच्यासाठी पुस्तकं निवडताना पहिली दहा पानं आधी मी वाचायचो. ती पुस्तक घेताना म्हणायची, "यात तुमच्या चहाचा डाग आहे." मी म्हणायचो, "आधीच्या वाचकाचा असेल." ती डाग बघून हसायची.

दिवाळीनंतर मी आलो की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. गोजाबाईंनीच फोडलं. "गोष्टीत सायकलवाला आलाय. विजारीला क्लिप लावतो. दोनदा घंटी वाजवतो."

"मग... काय करतो तो?"

"काय न्हाय. बुकं देतो आन् जातो. लई भित्रा हाय."

महानंदा खाली मान घालून गाठी मारत होती. कान मात्र लाल झाले होते.

त्याच आठवड्यात कळलं, तिला अक्कलकोटच्या एका दुकानदाराचं स्थळ आलंय. मुलाची आई सांगून गेली होती, घरात पुस्तक घेऊन बसणारी सून नको. तिच्या आप्पांना, म्हणजे तिप्पण्णांना, घर पसंत होतं. शनिवारी होकार कळवायचा होता.

शनिवारी मी सकाळीच गेलो. बायका बसल्याच होत्या. मी सायकल भिंतीला लावली.

"त्या सायकलवाल्याला बोलायचंय," मी म्हणालो.

महानंदानं वर बघितलं. "बोलू दे की. तो गप्प, म्हणून गोष्ट अडलीय."

"त्याची एकच खोली आहे. पण त्यानं भिंतीला फळी ठोकलीय. चार पुस्तकं राहतील अशी..."

"चारच?"

"पाचव्यालाही जागा आहे. आणि भाकरी जळली तर तो... तशीच खाईल."

महानंदाची बोटं गाठीवरच थांबली. शेवटी गोजाबाई ओरडल्या, "अगं, हो म्हन की! आमची कामं थांबल्याती!"

"हो," ती म्हणाली. मग आत वळून, "आप्पा, जरा बाहेर या की."

तिप्पण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शिक्षण?"

"सातवी. पण सध्या तीन कादंबऱ्या चालू आहेत."

ते लेकीकडे बघून म्हणाले, "ह्यालाही नाद लावलास होय?"

पौषानंतर, एकाहत्तरच्या माघात, आमचं लग्न झालं. सात वर्षं संसार झाला. लग्नानंतरही ती दुपारी त्याच ओट्यावर जायची. पुढं पुढं आमचे ग्रंथपाल नवी पुस्तकं घेण्याआधी यादी माझ्याकडे द्यायचे. म्हणायचे, "बाईंना दाखवा." ती खुणा करायची, तीच पुस्तकं यायची. मी पेठेतून जाताना लोक म्हणायचे, तो बघा महानंदाचा नवरा. मला दुसरं नाव नको होतं.

गेल्या आठवड्यात बुधवारी गोजाबाईंनी सायकलचं हँडल धरलं. "भीमाशंकर, त्या पोस्टमास्तराच्या पोरीचं म्होरं काय झालं? आमी रोज इचार करतो. तुमाला ठावं असंल की."

मला माहीत आहे. दवाखान्यात जायच्या आदल्या सकाळी, चहा पिताना, महानंदानं मला सगळं सांगितलं होतं.

"सांगतो," मी म्हणालो, "पुढच्या बुधवारी."

तो बुधवार काल झाला. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, की तिची गोष्ट संपेल.