दोराच्या खाचा

माझी बहीण मोधी लग्न होऊन तैमाला गेली, त्याच वर्षी समुद्राकडच्या वाटेवरची मधली विहीर ढासळली. अल-उलाच्या आमच्या दरीत खजुरांचे ढीग पडून होते. पण ते वज्ह बंदरात देऊन गहू आणायला वाटच उरली नव्हती. बियाण्यासाठीचा गहू टोळांनी शेतातच खाल्ला होता. गावातल्या तंतूरा नावाच्या खांबाची सावली वर्षातून एकदाच समोरच्या दगडाला टेकते आणि त्या दिवशी आम्ही पेरणीला हात घालतो. तोवर गहू आला नाही, तर शेते तशीच राहणार होती.

तांड्याचा म्होरक्या असलेल्या माझ्या मुतलक काकांनी तेव्हा सगळ्यांना डोंगरकड्याखाली नेले. तिथे धूप नेणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांनी आपली नावे आणि आपले उंट कोरून ठेवले आहेत. हे लोक काळ्या दगडांच्या पठारावरून सरळ समुद्राकडे जात, असे काकांनी आजोबांकडून ऐकले होते. एवढे उंट कोरडे गेले नसणार, वर कुठेतरी पाणी आहेच, असे त्यांचे म्हणणे. लोक हसले. काका दुसऱ्या दिवशी निघाले. सोबत मी, एक सांडणी आणि दखील नावाचा तंबूत राहणारा वाटाड्या.

पठार म्हणजे नजर पोचेल तिथवर विझलेले निखारे! दगडांच्या धारेने सांडणीचे तळवे फाटले. दखीलने तिला बसवून तळव्यांना चामड्याची ठिगळे शिवली. ती जोरात ओरडली, तेव्हा तो काकांना म्हणाला, "तुम्ही भिंतीतली माणसं हिच्याहून जास्त ओरडता."

"आणि तुम्ही तंबूवाले शिवता ते उसवतं," काका म्हणाले.

वाटेच्या दोन्ही अंगांना पहिल्या लोकांची थडगी लागत होती. दगडांची गोल कडी, मध्ये ढिगारा. त्यांना सलाम करायचा, आत पाय टाकायचा नाही, दगड हलवायचा नाही, ही आमची रीत. दर थडग्यापाशी आम्ही थांबलो, सलाम केला आणि पुढे गेलो. मेल्यावरही वाटेकडेलाच राहिलेली ती माणसे पाहून मला त्यांचा अभिमान वाटे. त्यांच्याकडे नकाशा नव्हता, तरी एवढी वाट त्यांनी चालून चालून पक्की केली होती!

मग सांडणी घसरली. मोठी पखाल दगडाच्या धारेवर आपटली. फाटली! पाणी दगडांत गेले. आम्ही ओले दगड चाटले.

उरलेल्या लहान पखालीत घोट घोट होते. परत फिरावे तर दरी गाठेपर्यंत ते पुरणार नव्हते. दखीलला पुढे कोरड्या ओढ्याचे पात्र दिसले. जाताना एका एकट्या थडग्याला सलाम केला आणि पात्रात हातांनी, काठ्यांनी उकरत राहिलो. वाळू कोरडी. आणखी खाली खडक!

काकांना पुढे चालवेना. सावली म्हणून मागे त्याच थडग्यापाशी आणून आम्ही त्यांना बाहेरच्या बाजूला टेकवले. उठताना मी काठाच्या दगडावर हात ठेवला आणि माझी बोटे त्यात रुतली. दगडाला खाचा होत्या. एकेका खाचेत एकेक बोट बसत होते. आत गुळगुळीत, तेल चोळल्यासारख्या. आमच्या घरच्या विहिरीच्या काठाला अशाच खाचा आहेत, आईच्या आणि आजीच्या दोराने पडलेल्या.

मी म्हणालो, "काका, थडग्यातून कोणी दोर ओढत नाही."

दखीलने माझा हात धरला. आत पाय टाकलास तर मी तुझ्याबरोबर एका ताटात जेवणार नाही, असे त्याने बजावले. काकांनी डोळे न उघडताच दगड चाचपला. बराच वेळ त्यांची बोटे खाचांतून फिरत होती.

"सलाम कर आणि आत जा," ते म्हणाले. "यांनी हे आपल्यासाठीच झाकून ठेवलंय."

मी सलाम केला. आत गेलो. ढिगारा उपसला. एक दगड, दुसरा, तिसरा! माझे हात रक्ताळले तेव्हा शेजारी आणखी दोन हात आले. दखीलचे. तो पुटपुटत माफी मागत होता आणि दगड फेकत होता. खाली सपाट चिपा लागल्या. एक सरकवली. थंड हवा तोंडावर आली. दोराला भांडे बांधून सोडले. खालून आवाज आला!

पाण्याला मातीची चव होती. पहिले भांडे काकांना, दुसरे सांडणीला, मग आम्हाला.

दखील म्हणाला, "आयुष्यभर मी पाण्याला सलाम करून तहानलेला पुढे गेलो."

"आणि वाटाडे तुम्ही," काका म्हणाले.

निघताना चिपा होत्या तशा बसवल्या, पण वर ढिगारा रचला नाही. फाटलेली पखाल दखीलने शिवली, आणि दोन्ही पखाली भरून आम्ही दरीत परतलो. खजुरांचा तांडा त्याच वाटेने वज्हला गेला, गहू घेऊन आला, आणि सावली दगडाला टेकली तेव्हा माझ्या मुठीत बियाणे होते. ज्यांचे चेहरे कुणाला ठाऊक नाहीत, त्यांच्या दोरांनी आमची दरी त्या वर्षी पोसली.

आपल्या कबरीवर दगड गोल रचू नका, असे काकांनी पुढे सांगून ठेवले. "नाहीतर कोणी तहानलेला येऊन मला उकरायचा."

आम्ही दगड सरळ ओळीत लावले. दखील वारला मोधीच्या थोरल्या मुलाच्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात, आपल्या तंबूत. मुतलक काका वारले त्याच लग्नाच्या वर्षी, सावली दगडाला टेकल्यावर दुसऱ्या दिवशी, पेरणी चालू असताना.