सहाच्या पुढचा आकडा

वायरमनकाका पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा भर दुपार होती. खांद्यावर लांब शिडी, हातात हत्यारांची पिशवी. नवा नियम आला होता. यापुढे कुणाचीही चौकशी कॅमेऱ्यासमोरच करायची, चित्र आणि आवाज दोन्ही नोंदवायचे. उद्यापासून अंमल. म्हणून चौकशीच्या खोलीत आज कॅमेरा बसायलाच हवा होता.

"काका, या वयात शिडीवर? पडाल, आणि खापर फुटेल आमच्या माथी," म्हातारा हवालदार हसत म्हणाला.

"तुमच्याकडे पडून मेलेला मी काही पहिला नसेन," काका हळूच म्हणाले.

हवालदाराने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ओळख पटली नाही.

एकवीस वर्षांपूर्वी काकांच्या धाकट्या भावाला याच खोलीत आणलं होतं. कुणाची तरी सायकल चोरीला गेली होती. धाकटा वयाने वाढला, पण डोक्याने लहानच राहिलेला. दादाबरोबर कामावर जायचा आणि शिडीचं मागचं टोक धरायचा, एवढंच त्याचं काम. दुसऱ्या दिवशी निरोप आला, न्हाणीघरात पाय घसरून गेला. आई डोळे मिटेपर्यंत विचारत राहिली, "खरंच घसरला का रे तो?" म्हणून हे काम आलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही.

खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या. फिनेलचा वास, आणि त्याखाली ओल्या लोखंडासारखा कसलातरी. दार लोटलं की बाहेरचे फोन, बोलणं, सगळं एकदम बंद. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू यायचा.

कॅमेरा बसवून काकांनी तो सुरू केला आणि खुर्चीत बसले. काम झालं की एक ते दहा मोजायचे, म्हणजे आवाज नीट येतो का ते कळतं. सहा म्हणून झाल्यावर ते जरा थांबले. ही सवय जुनी. धाकट्याला आकडे त्यांनीच शिकवले होते. सहापाशी तो अडायचा, मान तिरकी करून दादाकडे बघायचा. मग दादा नुसते ओठ हलवून पुढचा आकडा सांगायचा.

दहा झाले. काका बाहेर आले. हवालदाराने दाराला कडी लावली.

"रिकामी खोली कशाला कोंडता?"

"सवय हो, काका."

तरुण साहेब शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. हवालदारही काकांमागोमाग तिथे आला. काकांनी रेकॉर्डिंग लावलं. आकडे स्वच्छ ऐकू आले. पडद्यावरचे काका उठले, बाहेर गेले. दार मिटलं. रिकामी खुर्ची उरली.

"झकास. करा बंद," साहेब म्हणाले.

तेवढ्यात आवाज आला. काहीतरी आपटल्यासारखा.

"एक..." कोवळा, दमलेला आवाज.

पुन्हा तोच धप्पकन आवाज. "दोन..."

साहेब पुढे वाकले. पडद्यावर तर कुणीच नव्हतं.

"...पाच... सहा..."

मग शांतता. आणि दुसराच एक आवाज, भारी, चिडलेला. "चुकलास. परत पहिल्यापासून!"

"एक..."

साहेबांनी वळून हवालदाराकडे पाहिलं. तो आवाज त्याचाच होता, वीसेक वर्षांनी तरुण. हवालदाराने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"वीस फटके मोज, मग सोडतो म्हणालो होतो..." तो पुटपुटला. "सहाच्या पुढे जाईचना, साहेब. मला वाटलं, मुद्दाम करतोय... किती वेळा पहिल्यापासून... पुसा हो ते, काका!"

"पुसता येत नाही," काका म्हणाले. "तसंच बनवलंय."

"...पाच... सहा..." पडद्यातून आलं. मग अगदी बारीक, "दादा..."

काका पडद्याजवळ सरकले. रेकॉर्डिंग मघाशीच होऊन गेलेलं, त्यातल्या कुणाला इथलं काय दिसणार? तरी त्यांनी नुसते ओठ हलवले.

"सात," पडद्यातला आवाज म्हणाला.

मग तो थांबलाच नाही. आठ. नऊ. दहा. प्रत्येक आकड्याला तो धप्प आवाज होताच. काका तोंड दाबून ऐकत राहिले.

"वीस... आता सोडता ना?"

पडदा आपोआप काळा झाला. आणि मधल्या बोळातून, खऱ्याखुऱ्या त्या दाराची कडी खुळखुळली. आतून कुणीतरी दार हलकेच ढकलत होतं.

साहेब आणि हवालदार जागचे हलले नाहीत.

"आलो रे," म्हणत काका गेले आणि कडी काढली. आत टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या. बाकी कुणी नव्हतं.

त्यांनी शिडी खांद्यावर घेतली आणि बाहेरच्या उन्हात आले. दहा-बारा पावलं गेले असतील. एकाएकी शिडी हलकी झाली. मागचं टोक कुणीतरी उचलून धरलं होतं.

मागून पावलं येत होती, एक पाय फरफटत.

काकांनी वळून पाहिलं नाही. चाल तेवढी हळू केली.