परत या म्हणणारं यंत्र

तीन कंपन्यांची तीन पत्रकं चिदंबरच्या टेबलावर पंधरा दिवस पडून होती, आणि पंधरा दिवस तो त्यांच्यावर कॉफीचा टंबलर ठेवत होता.

तंजावूरहून पापनाशमकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गाड्या धुण्याचं ठिकाण होतं. तीन गाळे, प्रत्येकात एक नळी पाण्याची, एक फेसाची. गाडी ज्याची त्यानं धुवायची. चिदंबरनं फक्त खिडकीत बसून टोकन द्यायचं. ते पेटीत टाकलं की आठ मिनिटं पंप चाले. काम म्हणाल तर काहीच नाही, पण बसून राहावं लागे, आणि आता तेच जमत नव्हतं. बायको नागलक्ष्मीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दुपारी तिला डायलिसिसला न्यायचं, चार तास बाहेरच्या बाकावर काढायचे, मग मागच्या सीटवर आडवी करून घरी आणायची. एकही खेप चुकवू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, करणार तरी किती? म्हणून ठरलं, टोकन बंद. कार्ड घेणारं यंत्र बसवायचं.

"पहिलं स्वस्त आहे सार, पण उन्हात त्याचा पडदा दिसत नाही," विकायला आलेला भरद्वाज म्हणाला. "दुसरं बरं, पण रेंज गेली की गप्प बसतं. तिसरं घ्या. पाणी उडालं तरी चालतं. कार्ड टेकवलं की पंप सुरू, वेळ संपली की बंद. आणि हे बोलतं! गिऱ्हाइकाचं नाव घेऊन आभार मानतं, परत या म्हणतं."

"नाव कसं कळतं त्याला?"

"कार्डावरून. तुम्ही काळजीच सोडा."

घरी सांगितल्यावर नागलक्ष्मी उशीवर मान टाकून हसली. "घ्या तेच. तीस वर्षं या घरात मी एकटीच बोलते आहे. तुमच्या वाट्याचं बोलायला कुणीतरी होईल."

गफलत झाली ती इथं, आणि ती तंजावूरच्या माणसाच्या हातून व्हायला नको होती. गाळ्यांपासून थोडं पुढं, नदीच्या काठाला मसणवट आहे. तिकडून परतणारे लोक घरी जाण्याआधी गाडी इथं धुऊन घेत. आता आपल्यात काय आणि तमिळ लोकांत काय, एरवी निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो'च म्हणायचं. पण मयताच्या जागेवरून निघताना मात्र कुणी 'येतो' म्हणत नाही, आणि कुणी कुणाला 'या'ही म्हणत नाही. उठायचं, पाठ फिरवायची, चालू लागायचं. इतकी वर्षं चिदंबरही त्या ओले पंचे नेसलेल्या लोकांपुढं टोकन मुकाट्यानं सरकवत आला होता. यंत्र निवडताना हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. डोकं इतकं शिणलेलं की तिसऱ्या पत्रकावर त्यानं सही केली आणि सुटलो एकदाचा म्हणाला.

पहिले चार दिवस सुखाचे गेले. पाचव्या दिवशी दुपारी एक राखाडी गाडी मसणवटीकडून आली. सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेल्या गृहस्थानं कार्ड टेकवलं, गाडी धुतली. पंप थांबला आणि यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "नन्ड्री, माणिक्कम अवर्गळे. मीण्डुम वारुंगळ." आभार, माणिक्कम. परत या.

त्या माणसाच्या हातातली नळी तशीच राहिली. तो चिदंबरकडे पाहत राहिला, मग नळी खाली टाकून निघून गेला. चिदंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा दिवसांनी तीच राखाडी गाडी आली, तिकडूनच. या वेळी नळी एका तरुण माणसाच्या हातात होती. चष्मेवाले कुठं आहेत, असं चिदंबरनं विचारलं.

"अप्पा ना? त्यांनाच पोचवून आलो," तो म्हणाला.

योगायोग, चिदंबरनं स्वतःला बजावलं. वय झालं होतं बिचाऱ्याचं. पण मग आली साईप्रिया. आजीला पोचवून आलेली, कॉलेजात शिकवणारी, पस्तिशीचीही नसेल. यंत्रानं तिचंही नाव घेतलं, तिलाही परत या म्हटलं. आठ दिवसांनी तिचा नवरा ती गाडी धुवायला आला. पायरीवर बसून तो इतका रडला की पंपाची आठ मिनिटं तशीच संपली. यंत्र त्याचं नाव घ्यायच्या आत चिदंबरनं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

साध्या गिऱ्हाइकांना काही होत नव्हतं. ती खुशाल परत येत, गाडी धूत, हसून जात. बाधत होतं ते फक्त तिकडून आलेल्यांना.

त्यानं भरद्वाजला फोन लावला. "तो आवाज बंद करा."

"तो आतच बसवलेला आहे सार. चेन्नईहून माणूस लागतो. गुरुवारी पाठवतो."

"आणि मधेच वीज तोडली तर?"

"परत आली की राहिलेलं वाक्य पुरं करतं. चांगलंच आहे की!"

चिदंबरनं यंत्राच्या आवाजाच्या जाळीवर चिकटपट्टीचे चार थर लावले. आवाज त्यातूनही आला, फक्त हळू... कानाशी येऊन बोलल्यासारखा. मग उरलं काय? दवाखान्याच्या दुपारी फाटक बंद, एरवी दिवसभर फाटकात खुर्ची टाकून बसायचं आणि मसणवटीकडून आलेल्या गाड्या हात जोडून परत पाठवायच्या. बसणं सुटावं म्हणून यंत्र आणलं, आणि बसणं दुप्पट झालं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

बुधवारी सकाळी शेजारचे तुकोजी गेले. शेजारधर्म, नाही म्हणता येईना. चिदंबरच्या गाडीत चौघं बसून गेले, विधी झाले, नदीवर अंघोळी झाल्या. चिदंबरची घाई ओळखून ते चौघं बसनं परतले. चिदंबर गाडी घेऊन निघाला तेव्हा दीड वाजला होता आणि तीनला नागलक्ष्मीची वेळ होती. मसणातून आलेल्या गाडीत ती धुतल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. ऑटोचे धक्के तिला सोसत नव्हते. घरच्या टाकीत जेमतेम दोन बादल्या पाणी होतं, आणि बादल्या उचलायला त्याच्या अंगात त्राणही नव्हतं.

तो गाळ्यात शिरला. ऊन नुसतं भाजत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओल्या सिमेंटला उदबत्तीचा आणि धुराचा वास येत होता. तो आपल्याच कपड्यांचा, असं त्यानं मानून घेतलं. टोकनची जुनी पेटी भंगारात गेली होती. यंत्राचा हिरवा दिवा तेवढा जळत होता.

घेऊ दे माझं नाव, तो मनात म्हणाला. काय होईल ते माझं होईल. खरं सांगायचं तर त्याला भीतीही फारशी वाटली नाही, इतका तो थकला होता. नागलक्ष्मी वेळेवर पोचली पाहिजे, बाकी पुढचं पुढं. त्यानं शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं, न बघता टेकवलं आणि नळी उचलली.

आठ मिनिटं तो सीट, पायपोस, टायर, सगळं धूत राहिला. पंप थांबला. पाणी मोरीत गेलं. गाळा एकदम गप्प झाला.

पट्टीच्या चार थरांमागून आवाज आला.

"नन्ड्री... नागलक्ष्मी अवर्गळे..."

चिदंबरनं खिसा चाचपला. त्याचं कार्ड खिशातच होतं. टेकवलं होतं ते तिचं, डायलिसिसचे पैसे भरायला सकाळीच घेऊन ठेवलेलं. एकाच बँकेची, एकाच रंगाची दोन कार्डं.

"नको!" तो ओरडला. "माझं घे... माझं!" त्यानं दोन्ही तळवे जाळीवर दाबून धरले, कपाळ टेकवलं, आणि तळव्यांखाली ते पुढचं वाक्य थरथरत पुरं झालं.

गाडी कशी हाकली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. घर चार किलोमीटर. दार उघडं होतं. नागलक्ष्मी आरशापुढं उभी राहून केसांत फुलं माळत होती. डायलिसिसला जाताना ती कधी फुलं माळत नसे. ती जिवंत होती, उभी होती, आणि चिदंबरनं दाराच्या चौकटीला धरून लहान मुलासारखा हुंदका दिला.

"अहो, काय जाहलं?" ती वळली. "तुकोजींचं मनाला लावून घेतलंत? पुसा डोळे. आज मला बरं वाटतंय बघा, पायांत जोर आला आहे."

"तू... तू ठीक आहेस ना?"

"ठीक आहे हो. आणि मघाशी मला हाक कुणी मारली? बाईचा आवाज होता. मला वाटलं, समोरची गायत्रीच बोलावते आहे. बाहेर बघितलं तर कुणी नाही."

"नागू... तू काही बोललीस का? ओ दिलीस का?"

"देणार नाही तर काय?" नागलक्ष्मी म्हणाली आणि गजरा नीट बसला का ते आरशात पाहू लागली. "इतक्या प्रेमानं या म्हणत होती बिचारी. मी म्हटलं, आलेंच."