पायाच्या आधी

करूळ घाट चढताना बसने वेग घेतला, तेव्हा सुभान मुजावरचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर पडायचा होता.

शेजारी बसलेल्या वैदेही बर्गेने ते पाहिलं आणि मांडीवरच्या पडद्यावर खूण केली. तपासणीची फेरी असल्याने बस रिकामी होती.

या बसच्या नैसर्गिक वायूत पाचवा हिस्सा हायड्रोजन मिसळलेला होता. हायड्रोजन भलताच चटकन पेटतो. सिलिंडरमध्ये जरा लवकर सोडला, तर ठिणगी पडण्याआधीच भडकतो आणि इंजिन ठोकायला लागतं. उशिरा सोडला, तर पुरता जळत नाही आणि गाडी मरगळते. म्हणून वैदेहीने वेळयंत्र बनवलं होतं. चालकाचा पाय पुढच्या क्षणी किती दाबेल, हे ते ओळखायचं आणि वेळ आधीच ठरवून तितकं इंधन फवारायचं. बाकीच्या चालकांच्या बाबतीत ते पापणी लवण्याइतकं पुढे असे. सुभानच्या बाबतीत जवळजवळ एक सेकंद.

"सुभानभाऊ, गाडीचा काही त्रास?"

"त्रास कसला, मॅडम! बावीस वर्षांत अशी गाडी मिळाली नाही. नुसतं मनात आणायचं, की पळतीय."

वैदेहीने पडद्यावरच्या बटणावर बोट ठेवलं. "थोडा वेळ यंत्राचा अंदाज बंद करते. गाडी फक्त तुमच्या पायाचं ऐकेल."

"करा की."

तिने बटण दाबलं. बस एकदम ढेपाळली. सुभानने उशिरा पाय दाबला, मग घाईने जास्तच दाबला. इंजिन ठणठण ठोकू लागलं. वळण समोर आलं तरी त्याचा पाय ब्रेकवर पडेना. पडला, तेव्हा बस कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"गाडी बिघडवलीत तुम्ही!" सुभान ओरडला.

"गाडी ठीक आहे, भाऊ."

तिची नजर त्याच्या पायावर होती. सुभानने उजव्या पायातली चप्पल काढली. अंगठा बारीक थरथरत होता. त्याने तो हाताने दाबून धरला, तरी थांबेना.

"कधीपासनं?" त्याने हळूच विचारलं.

तिने नोंदी मागे नेल्या. "अकरा मार्चपासून. तुमचा पाय जितका मागे पडला, तितकं यंत्र पुढे सरकलं."

"आणि माझ्यापासनं लपवलं?"

"त्याला तुमचा आजार ठाऊकच नाही. इंजिन ठोकू नये, एवढंच त्याला कळतं."

"पण ब्रेक?"

"ब्रेक त्याच्या हातात नाही."

सुभान मागच्या रिकाम्या बाकांकडे वळला. कालच्याच फेरीत तिथे शाळेची चाळीस मुलं बसली होती. त्याने किल्ली काढून वैदेहीच्या हातात ठेवली.

तपासण्यांत मज्जातंतूंचा आजार निघाला. अगदी सुरुवातीला सापडला, असं डॉक्टर म्हणाले. सुभानला डेपोत बसून करायचं काम मिळालं. एका दुपारी तो स्वतःहून वैदेहीच्या प्रयोगशाळेत आला.

"मॅडम, ते यंत्र पुढचंही ओळखतंय नव्हं? माझ्या पायाचं दाखवा."

वैदेहीला टाळता आलं नाही. पुढच्या प्रत्येक दिवशी सुभानचा पाय किती उशिरा पडेल, ते यंत्राने काढून ठेवलं होतं. आकडे रोज थोडे वाढत गेले होते. एकोणतीस नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतरचे रकाने कोरे होते.

सुभानने त्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्याच्या पुढं माझा पाय त्याला दिसत न्हाई," तो म्हणाला, "का मीच दिसत न्हाई?"