पायाशी ऊब

गाडी मिस्त्रीच्याच वयाची होती आणि त्याच्यासारखीच कुरकुरणारी. त्यानं हीटरचा डबा खाली ओढला, तसा सगळा गंज मिशीत सांडला. आतली गरम पाण्याची जाळी फुटून पाणी ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी झिरपलं होतं. तिथला गालिचा ओलाचिंब झाला होता.

"हिला थंडी सोसत नाही हो," गाडीचे मालक, म्हातारेबुवा, सांगून गेले होते. "चपला काढून पायावर पाय ठेवून बसते. ऊब लागली की मगच मोकळे करते."

त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं.

मागाहून त्यांची लेक एकटीच आली. "बाबा त्या रिकाम्या सीटशी बोलत गाडी चालवतात, काका. परवा खांबावर जाता जाता वाचले. हीटर दुरुस्त होत नाही म्हणून सांगा ना. मग विकतो म्हणालेत." मिस्त्रीलाही मुली होत्या. "सांगतो," तो म्हणाला.

तरी काम अर्धवट टाकणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं जाळीला डाग देऊन भोक बुजवलं, नळ्या बदलल्या, गालिचा पिळून परत अंथरला. इंजिन चालू करून हवेची झडप मधोमध लावली आणि हात धुवायला गेला. परत आला तर झडप शेजारच्या सीटकडे वळलेली. तार ढिली असेल, म्हणून त्यानं ती आवळली.

चहा पिऊन आला, तर पुन्हा तेच.

गालिचा आता सुकत आला होता. मध्ये तेवढा ओला डाग उरला होता. लहानशी टाच, बोटं, आणि त्यावर आडवं दुसरं पाऊल. मिस्त्रीनं तिथे हात नेला. हातभर अंतरावरच तो थांबला.

भीती वाटायला हवी होती. त्याला वाईट वाटलं. केव्हापासून गारठत बसली असेल बिचारी.

त्यानं हीटर पूर्ण चालू केला.

फोन वाजला. "सांगितलंत का बाबांना?"

"हीटर झाला, ताई. गाडी विकू नका. रोज संध्याकाळी मी चालवत जाईन. बाबा मागे बसतील."

"मागे कशाला? पुढची सीट रिकामीच आहे की."

मिस्त्रीनं खाली पाहिलं. गालिच्यावर दोन ओली पावलं होती, शेजारी शेजारी, मोकळी.