तळ्याकाठची पांढरी पूड

"आधी दोन्ही हातांना पिशव्या बांध," वल्लरीने धनेशला बजावलं. "आणि चेंडू नीट भिजव. कोरड्या चेंडूला काही चिकटणार नाही."

धनेशने चेंडू बादलीत बुडवून क्षितिजाकडे दिला. तिने नेम धरला आणि चेंडू गोडाऊनच्या भिंतीवरून थेट निळ्या पिंपांमध्ये जाऊन पडला.

दिवाळीच्या सुट्टीत वल्लरी भिवंडीहून अंजूरला, मैत्रिणीकडे म्हणजे क्षितिजाकडे राहायला आली होती. धनेश हा क्षितिजाचा धाकटा भाऊ. त्यांच्या सीताकाकूने गावचं तळं मासे पाळायला घेतलं होतं. परवा सकाळी तळ्यातले सगळे मासे मरून तरंगत होते आणि काठावर पांढरी पूड पडली होती. शेजारच्या रसायनांच्या गोडाऊनचा मॅनेजर दीपेश म्हणाला, हा तर युरिया, काकूच्याच शेतातला. लोकांना ते पटलंही, कारण काकूच्या पडवीत युरियाचं पोतं होतंच. आज संध्याकाळी बैठक होती. तळं काकूकडून काढून घ्यायचं, असं बहुतेकांनी आधीच मनाशी ठरवलं होतं.

"मी तळ्यात कायपन टाकलं न्हाय," एवढंच काकू पुन्हा पुन्हा सांगत होती.

"दीपेशदादा, चेंडू द्या ना," क्षितिजाने भिंतीपलीकडे हाक मारली.

सुट्टीत पोरांना काही उद्योग नाही, असं कुरकुरत दीपेशने पिंपांमधून चेंडू शोधला आणि परत फेकला. ओल्या चेंडूला पांढरी पूड चिकटली होती. धनेशने तो अलगद पिशवीत झेलला.

"मॅनेजरसाहेबांनी पुरावा घरपोच दिला," तो हळूच म्हणाला.

वल्लरीचे हरीमामा भिवंडीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. तिघं रिक्षाने त्यांच्या प्रयोगशाळेत पोचले. अनोळखी पुडीच्या वाटेला गेल्याबद्दल मामांनी आधी तिघांना चांगलं झापलं, साबणाने हात धुवायला लावले आणि मगच त्यांनी आणलेले तीन नमुने पाहिले: काठावरची पूड, चेंडूवरची पूड आणि काकूच्या पोत्यातला युरिया.

पूड नुसती पाण्यात विरघळवून का तपासायची नाही, असं वल्लरीने विचारलं. मामा म्हणाले, अशा पदार्थांत क्लोरीन असला तरी तो कार्बनला घट्ट धरून बसलेला असतो, पाण्यात सुटत नाही. सोडियमबरोबर तापवलं की ती पकड तुटते. मग मूलद्रव्यं साध्या क्षारांच्या रूपात पाण्यात उतरतात आणि ओळखता येतात.

मुलांना काचेमागे उभं करून मामांनी छोट्या नळीत सोडियमचा बारीक तुकडा आणि पूड घातली. नळी लालभडक तापवून त्यांनी ती पाण्यात बुडवली. फट्! नळी फुटली. ते पाणी उकळून त्यांनी गाळून घेतलं. तिन्ही नमुन्यांचं असंच केलं.

मग दोन्ही पुडींचं पाणी त्यांनी नायट्रिक ॲसिड घालून पुन्हा उकळलं. त्यात सिल्व्हर नायट्रेट पडताच दह्यासारखा पांढरा साका जमला.

"क्लोरीन!" वल्लरी म्हणाली. "युरियात क्लोरीन नसतो."

मामा खुशीत आले. आपल्या कॉलेजच्या दिवसांतला एक स्फोट रंगवून सांगता सांगता त्यांनी युरियाच्या नळीतही थेंब टाकले. तीही पांढरी झाली.

क्षितिजाने तोंड फिरवलं. काकूनेच चुकून टाकलं असेल का, असं धनेशने अगदी दबक्या आवाजात विचारलं.

वल्लरी मात्र नळ्यांकडेच पाहत होती. "मामा, पहिल्या दोन नळ्या तुम्ही नायट्रिक ॲसिड घालून उकळल्या होत्या. ही उकळलीच नाहीत."

मामांचा हात थांबला. युरियातल्या नायट्रोजनपासून सायनाइड तयार होतं, आणि सिल्व्हर नायट्रेट त्याच्याबरोबरही पांढरा साका देतं. म्हणून आधी उकळून ते घालवावं लागतं. त्यांनी धूर ओढणाऱ्या कपाटात युरियाचं उरलेलं पाणी ॲसिडसह उकळलं आणि पुन्हा थेंब टाकले. या वेळी पाणी नितळ राहिलं. खात्रीसाठी त्यांनी नायट्रोजनची परीक्षाही केली. युरियाची नळी गडद निळी झाली. पुडीच्या दोन्ही नळ्यांत निळ्याचा मागमूस नव्हता.

संध्याकाळी हरीमामाही नळ्या घेऊन मुलांबरोबर अंजूरला आले. बैठकीत दीपेश हसला. पोरांचा खेळ आहे, म्हणाला.

क्षितिजा काठावरच्या पुडीची नळी घेऊन उभी राहिली. "काठावर युरिया असता तर ही नळी निळी झाली असती. आणि दुसरी पूड तुमच्या आवारातली आहे. चेंडू तुम्हीच फेकलात, दादा."

गावचे प्रमुख दौलतदादा लगेच चार जणांना घेऊन गोडाऊनमध्ये गेले. पिंपांची बुडं सडली होती. दीपेशने मान खाली घातली. सांडलेली पूड त्याने पाइप लावून धुऊन काढली होती, आणि तिथली मोरी तळ्यात उतरते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मासे मेल्यावर मात्र नोकरी जाईल या भीतीने तो काकूचं नाव घेऊन मोकळा झाला होता.

उद्या प्रदूषणवाल्या साहेबांना बोलवू, तोवर तळ्याच्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही, असं दौलतदादांनी बजावलं. सफाई गोडाऊनवाल्यांनी करायची. "आन तळं सीताबाईकडंच ऱ्हाईल," ते म्हणाले. "तिची माफी आपन सगल्यांनी मागायची. आधी मी मागतो."

हरीमामांनी वल्लरीच्या खांद्यावर हात ठेवला. "याच चुकीसाठी मी प्रॅक्टिकलला मुलांचे मार्क कापतो. आज हिने माझे कापले."

काकूने पदराने डोळे पुसले. "पावसात तळ्यात माशांचं नवीन बीज सोडायचं तवा तुमी तिघं पायजेत."

तेव्हा तर शाळा असेल, असं धनेश पुटपुटला.

"मास्तरला मी सांगन," काकू म्हणाली.