साहेबांच्या मुलीपुढे

अमरावतीच्या कॅम्प भागातील मैदानावर, डिसेंबरच्या दाट धुक्यात, एक तरुण दोराला उलटा लटकला होता. आणि खाली उभी असलेली दीक्षा तायडे थक्क होऊन पाहत होती. दोरावर माणूस अडकतो, हे तिला ठाऊक होते. अडकलेला माणूस वरून गप्पा मारतो, हे मात्र नवीन होते.

“ओ मॅडम, पाहून काय राहिल्या? काई तं सांगा!”

“पाय सोडा.”

“सोडले तं पडीन ना!”

“खाली वाळू आहे. पडा!”

तो पडला. वाळू झटकत उठला आणि मनमोकळा हसला. “संघपाल. अकोल्याचा. तुमी?”

“दीक्षा. वलगावची.”

“वलगावची पोरगी असे हुकूम सोडते?”

“सुभेदार खुशालराव तायड्यांची मुलगी आहे मी.”

“अरे बापा! मंग तुमची निवड तं घरीच झाली.”

हेच वाक्य दीक्षा जन्मभर ऐकत आली होती. सैन्यात अधिकारी होण्याची लेखी परीक्षा दोघेही उत्तीर्ण झाले होते. आता भोपाळला पाच दिवसांची निवड चाचणी व्हायची होती आणि तिची तयारी एक निवृत्त कॅप्टन या मैदानावर करून घेत असत. दीक्षा छावणीत वाढलेली. बिगुलावर उठणारी, खांद्यावरच्या खुणांवरून हुद्दा ओळखणारी. फौजीच्या घरातले मूल अर्धी लढाई जिंकूनच येते, असे वर्गात सारे म्हणत. तीही तेच मानत असे.

संघपालचे वडील अकोल्यात ऑटो चालवत. त्याच्या सात पिढ्यांत कोणी फौजेत गेले नव्हते. “कर्नल मोठा का मेजर मोठा?” असे त्याने विचारले, तेव्हा दीक्षाने कपाळावर हात मारला.

मग तिने त्याला शिकवायला घेतले. बूट कसे चमकवावे, खुर्चीत कसे बसावे... गुरुदक्षिणा म्हणून तो रोज दह्यातला गिला वडा खाऊ घाली. एके सकाळी टायची गाठ बांधून देताना तिची बोटे त्याच्या गळ्याशी किंचित रेंगाळली.

“इतकी आवळू नका... जीव जाईन.”

“जाऊ दे.”

“गेला बी,” तो हळूच म्हणाला, “मांगच्याच हप्त्यात.”

दीक्षाने गाठ आणखी आवळली. पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या, त्या काही झाकता आल्या नाहीत.

संघपाल आधी भोपाळला गेला. निवडला गेला! फोनवर तो ओरडत होता आणि दीक्षा हर्षाने, आश्चर्याने हसत होती. हा निवडला गेला, तर आपले काय अडणार?

पुढच्या महिन्यात ती गेली. शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे क्रमांक मोठ्याने पुकारले गेले. तिचा क्रमांक आलाच नाही. काही चूक झाली असेल, म्हणून ती उभीच राहिली. चूक झाली नव्हती.

बडनेरा स्टेशनवर संघपाल अकोल्याहून येऊन थांबला होता. त्याने सांत्वन केले नाही, हातात चहा दिला आणि म्हणाला, “सांग. काय काय झालं?”

“फळी आणि दोर घेऊन गटाने अडथळा ओलांडायचा होता. नेता कोणी नेमला नव्हता. मग मी गटातल्या आकांक्षाला विचारलं, कसं करायचं? ती म्हणाली तसं केलं. दोर मी बांधला, फळी मी धरली, सर्वांत आधी मी धावले.”

“तुले रस्ता सुचला नोता?”

“सुचला होता. तिच्याही आधी.”

“मंग बोलली काहून नाई?”

“ती कर्नल साहेबांची मुलगी आहे ना.”

बोलून गेली, आणि आपलेच शब्द ऐकून ती हादरली. छावणीच्या बागेतला झोपाळा... साहेबांची, म्हणजे अधिकाऱ्याची मुलगी आली की सुभेदाराच्या मुलीने उतरायचे. नियम कुठलाच नव्हता, रागावले कोणीच नव्हते. आईने नजरेने खुणावले की पुरे. आणि भोपाळला तर खुणावणारेही कोणी नव्हते!

“मी स्वतःहून उतरले रे...” ती पुटपुटली.

संघपालने तिच्या हातातला कप काढून बाकावर ठेवला. मग म्हणाला, “आमी चौघं भाऊ. बोललं नाई तं ताटात भाकर येत नाई. मले वाटे, हे आमचं दळिद्र हाय... भोपाळले तेच कामी आलं.”

तो तिला पोहोचवायला वलगावला आला. निवृत्तीनंतर गावी परतलेले खुशालराव अंगणात बसले होते. संघपालला पाहताच ते ताठ उभे राहिले.

“या साहेब, बसा.”

“काका, काय करून राहिले? मी संघपाल हाव!”

“आज संघपाल. उद्याचे साहेब.” त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. “दीक्षा, साहेबांले पाणी आण.”

दीक्षाचे पाऊल सवयीने उंबरठ्याकडे वळले... आणि थांबले.

“बाबा, तुम्ही बसा. आधी मी बोलणार आहे.”

त्या घरात विचारल्यावाचून आजवर कोणी बोलले नव्हते. खुशालराव उभेच राहिले.

“माझी निवड झाली नाही. अडथळा ओलांडायचा रस्ता मला आधी सुचला होता, पण कर्नल साहेबांच्या मुलीपुढे मी बोललेच नाही. मी पुन्हा जाणार. आणि दुसरं... मला हा आवडतो. लग्न करीन तर याच्याशीच. पण साहेबांची बायको म्हणून मिरवायला नाही. तो गणवेश मीही घालीन, मगच.”

संघपालने आ वासला. “अवं... हे तं मी बोलनार होतो! भोपाळपासून पाठ करून राहिलो!”

“उशीर केलास.”

खुशालरावांनी लेकीकडे असे पाहिले, जणू तिला पहिल्यांदाच पाहत होते. मग ते सावकाश खुर्चीत बसले.

“पोरा,” ते संघपालला म्हणाले, “माठ आतमंदी हाय. तिघांसाठी पाणी आण.”

संघपाल धावला. खुशालरावांनी शेजारची बाज थोपटली.

“बस. तुले कोणता रस्ता सुचला होता, सांग मले.”

दीक्षा बसली, आणि बोलू लागली.